ठासणीची बंदूक आणि सत्त्याहत्तर मिनिटं

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात परत तोच मेसेज फिरला, अमेरिकेत चोर घरात घुसला तर घरमालक गोळी घालतो आणि पोलीस येऊन त्याची पाठ थोपटतात, आपल्याकडे घुसला तर आधी मार खा, मग पोलीस स्टेशनला जा, तिथे बाकड्यावर बसून राहा, आणि चुकून तुझ्या हातून चोराला लागलं तर केस तुझ्यावरच. खाली पंधरावीस अंगठे. मग पुण्यातल्या एका मित्राने मला टॅग केलं, "बाई, तू टेक्सासला राहतेस ना, सांग आता, आपल्याकडे पण परवाने खुले करायला पाहिजेत की नको?" मी नाइटला होते, दोन ओळीत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून नंतर लिहिते म्हटलं, तर हे ते नंतर.

मी सॅन अँटोनिओला राहते, चौदा वर्षं झाली. हॉस्पिटलमध्ये रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे, म्हणजे साध्या भाषेत व्हेंटिलेटरवाली. माहेर कुडाळजवळ. आणि बंदुकीशी माझी ओळख अमेरिकेत झालेली नाही हे आधीच सांगून टाकते, आमच्या घरात बंदूक होती. आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, डुकरं आणि वांदरांसाठी. ती कशी चालते हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, आधी नळीत दारू ओतायची, मग काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, परत बोळा, परत ठासायचं, आणि शेवटी घोड्याखाली केप बसवायची. सवयीच्या माणसाला सुद्धा दोनतीन मिनिटं लागतात, आणि पावसाळ्यात दारू सर्दावलेली असली तर नुसतं फुस्स. एकदा वाडीत चोर आले होते, शेजारच्यांच्या मागच्या दाराने. आजोबा उठले, गोणपाटातून बंदूक काढली, तोपर्यंत आजीने अंगणात जाऊन पितळेचा थाळा बडवायला सुरुवात केली होती आणि अख्खी वाडी कंदील, बॅटऱ्या, कोयते घेऊन बाहेर. चोर पळाले. सकाळी सगळे आजोबांची चेष्टा करायला लागले तर ते म्हणाले, "मी बार भरीपर्यंत चोर काय थांबतलो?"

आणि ही बंदूक सुद्धा वर्षभर घरात नसायचीच. निवडणूक आली की पोलीस स्टेशनला जमा करायची. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा, प्रत्येक वेळी. आता गंमत बघा, विधानसभा कधी असायची? २००४ ला १३ ऑक्टोबर, २००९ ला १३ ऑक्टोबर, २०१४ ला १५ ऑक्टोबर. म्हणजे बरोब्बर भात पिकून उभं असतं तेव्हा. डुकरांना आचारसंहिता नाही. २००४ ला मी आजोबांबरोबर बंदूक परत आणायला गेले होते, हे सगळं डोळ्यासमोर आहे, मागच्या खोलीत कोपऱ्यात पन्नाससाठ बंदुका लाकडाच्या मोळीसारख्या उभ्या, प्रत्येकीला सुतळीने चिठ्ठी बांधलेली, आणि अर्ध्या चिठ्ठ्या ओल लागून वाचता न येण्यासारख्या. हवालदाराने दुसऱ्याचीच काढून दिली. आजोबांनी दस्त्यावर अंगठा फिरवून सांगितलं ही माझी नाही, माझ्या दस्त्याला चीर आहे. दीड तास गेला. परत येताना एसटीत मी चिडचिड करत होते आणि ते शांत, "बंदूक सरकारची, मी फक्त सांभाळतंय."

१८७८ च्या इंग्रजांच्या शस्त्र कायद्यापासून ते १९५९ च्या आपल्या कायद्यापर्यंत मूळ विचार तोच आहे जो आजोबांनी एका वाक्यात सांगितला, शस्त्र हा तुमचा हक्क नाही, सरकारने दिलेली सवलत आहे. २०१९ च्या दुरुस्तीत तर एका माणसाकडे तीनच्या ऐवजी दोनच बंदुका असं झालं. आणि इथे टेक्सासमध्ये बरोबर उलटं. २०२१ च्या सप्टेंबरपासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला, म्हणजे ज्याला कायद्याने मनाई नाही अशाला, हँडगन बाळगायला परवाना सुद्धा लागत नाही. मी ज्या दुकानात फिशिंगचं सामान घ्यायला जाते तिथे एका बाजूला गळ, एका बाजूला टेंट आणि मधे काचेच्या काउंटरखाली पिस्तुलं, आपल्याकडे घड्याळं लावतात तशी. एच-वन व्हिसावाल्यांना एरवी बंदूक बाळगता येत नाही, पण शिकारीचं लायसन्स काढलं की येते, त्यामुळे आयुष्यात उंदीर न मारलेले आपले देशी लोक शिकारीचं लायसन्स काढून बसलेत. मला त्यांचं हसू येतं पण भीती खरी आहे, ती पण मी नाकारत नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्ससमध्ये ओलेथच्या बारमध्ये श्रीनिवास कुचिभोतला या आपल्या इंजिनियरला गोळी घालून मारलं तेव्हा आमच्याकडे दोन आठवडे दुसरा विषय नव्हता.

आता मुद्द्यावर येते. तुम्हाला वाटतं की अमेरिकेत पोलीस भारी आहेत, एक फोन केला की तीन गाड्या येतात, आणि वर बंदूक पण आहे, म्हणजे डबल संरक्षण. यातलं पहिलं निम्मं आपण तपासून बघू.

१९७५ ची गोष्ट, वॉशिंग्टन डीसी. पहाटे दोन माणसं दार तोडून एका घरात घुसली. खालच्या मजल्यावर एक बाई तिच्या लहान मुलीबरोबर, वर दोघीजणी. वरच्या दोघींनी पोलिसांना फोन केला. पोलीस आले, एकाने दार वाजवलं, कोणी उघडलं नाही, निघून गेले. यांनी परत फोन केला, मदत येतेय असं सांगितलं, पण त्या कॉलवर कुणाला पाठवलंच नाही. थोड्या वेळाने खालचा आवाज बंद झाला तेव्हा यांना वाटलं पोलीस आले असणार, म्हणून वरून खालच्या मैत्रिणीला हाक मारली, आणि त्या हाकेने घरात अजून बायका आहेत हे त्या माणसांना कळलं. चौदा तास. पुढचं लिहीत नाही. त्या कोर्टात गेल्या आणि १९८१ मध्ये डीसीच्या अपील कोर्टाने सांगितलं की पोलिसांचं कर्तव्य हे एकूण जनतेसाठी असतं, अमुक एका माणसाला वाचवण्याचं कर्तव्य त्यांच्यावर नाही, सबब नुकसानभरपाई नाही.

हे जुनं झालं म्हणाल तर पुढचं ऐका. कोलोरॅडोत कॅसल रॉक नावाचं गाव आहे, १९९९ चा जून. नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई, कोर्टाचा आदेश हातात की नवऱ्याने घराजवळ यायचं नाही. तो अंगणातून तिन्ही मुलींना घेऊन गेला. ही संध्याकाळपासून पोलिसांना फोन करतेय, दहा वाजेपर्यंत वाट बघा, मग बारा वाजेपर्यंत वाट बघा, शेवटी स्वतः स्टेशनात गेली, अधिकाऱ्याने तक्रार लिहून घेतली आणि जेवायला गेला. पहाटे तीनच्या पुढे तो नवराच पोलीस स्टेशनला आला, गोळीबार केला, मारला गेला, आणि त्याच्या ट्रकमध्ये तिन्ही मुली मेलेल्या सापडल्या. २००५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन असा निकाल दिला, की कोर्टाचा आदेश असला, त्यावर पोलिसांनी अंमलबजावणी करावी असं लिहिलेलं असलं, तरी तो पोलिसांनी पाळलाच पाहिजे असा घटनात्मक हक्क त्या बाईला नाही.

मी हे पहिल्यांदा बंदुकीच्या क्लासमध्ये ऐकलं. हो, क्लास मी केलाय. परवाना लागत नसला तरी काढता येतो, त्याचे इतर फायदे असतात, नवऱ्याला काढायचा होता म्हणून मी पण बसले, शनिवार सकाळ, एका रेंजच्या मागच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि डोनट. शिकवणारे रिटायर्ड पोलीस, सत्तरीचे, गोड माणूस, हळूहळू बोलणारा, त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत हे दोन निकाल सांगितले आणि म्हणाले, मी तीस वर्षं नोकरी केली, बहुतेक वेळा मी रिपोर्ट लिहायला पोचलो. मला एकदम आपल्याकडचा पंचनामा आठवला. सगळं होऊन गेल्यावर येतात, खडूने रेघा मारतात.

मग शूटिंगची परीक्षा. माणसाच्या आकाराचा कागद, पन्नास गोळ्या, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, अडीचशेपैकी एकशे पंच्याहत्तर मार्क मिळाले की पास. मला नवऱ्यापेक्षा जास्त मिळाले, हे तो ग्रुपमध्ये नाही म्हणून लिहितेय. पण त्या दिवसातला माझ्या लक्षात राहिलेला भाग वेगळाच आहे, शेवटचा पाऊण तास. गोळी झाडल्यानंतर काय करायचं. बंदूक खाली ठेवा, हात दिसतील असे ठेवा, फोनवर तुमचे कपडे कसे आहेत ते सांगा म्हणजे येणारे पोलीस तुम्हालाच हल्लेखोर समजणार नाहीत, एवढं बोलून गप्प बसा आणि वकील येईपर्यंत तोंड उघडू नका. मग वकिलाच्या खर्चासाठी दरमहा हप्ता भरायच्या स्कीमचं माहितीपत्रक वाटलं. म्हणजे तो मेसेज लिहिणाऱ्याला सांगायला पाहिजे, पाठ थोपटणारे पोलीस या क्लासमध्ये कोणी शिकवत नाहीत, आणि शिकवणारा स्वतः पोलीस होता. मी नवऱ्याकडे बघत होते, त्याची दाढी, त्याचा रंग, आणि विचार करत होते की रात्री दोनला आमच्या अंगणात हातात बंदूक घेतलेला हा माणूस पोलिसांना घरमालक वाटेल का. कोलोरॅडोत आर्वाडाला २०२१ च्या जूनमध्ये एका माणसाने पोलिसांवर गोळ्या झाडणाऱ्याला आपल्या पिस्तुलाने मारलं, लोकांचे जीव वाचवले, आणि पुढच्या काही क्षणांत पोलिसांनी त्यालाच गोळी घातली, त्याच्या हातात हल्लेखोराची रायफल दिसली म्हणून. तो गोरा होता.

तरी दुसरी बाजू खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण ती माझ्या घरापासून पाऊण तासावर घडलेली आहे. सदरलँड स्प्रिंग्ज, २०१७ चा ५ नोव्हेंबर, रविवारची चर्चची प्रार्थना चालू होती, गोळीबारात २६ लोक गेले. तिथे त्या हल्लेखोराला थांबवलं कोणी, तर शेजारी राहणाऱ्या एका प्लंबरने, अनवाणी पायाने, आपली रायफल घेऊन धावत. पोलीस पोचायच्या आधी. त्याच्याकडे बंदूक नसती तर आकडा किती झाला असता देव जाणे. बंदुकीने असा बचाव वर्षाला किती वेळा होतो यावर इथे मारामारी आहे, एक बाजू पंचवीस लाख म्हणते, सरकारी सर्व्हेवाले फार तर लाखाच्या आसपास जातात, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपापला आकडा पाठ करून असतात. मला ते मोजता येत नाही. मला माझ्या आयसीयूतले बेड मोजता येतात. चौदा वर्षांत गोळी लागलेले जे व्हेंटिलेटरवर आले त्यात घरात घुसलेला चोर मला एकही आठवत नाही, असतील, माझ्या शिफ्टला नसतील. भांडणातली पोरं आठवतात, नवऱ्याने मारलेल्या बायका आठवतात, आणि सगळ्यात जास्त स्वतःच स्वतःला मारून घेतलेले. त्यातले वाचतात ते कमी, म्हणून आमच्यापर्यंत पोचतात ते पण कमी. २०२३ मध्ये या देशात बंदुकीने ४६ हजारांच्या वर माणसं मेली, त्यात २७ हजारांच्या वर आत्महत्या. ग्रुपवर कुणी म्हणेल त्याचा स्वसंरक्षणाशी काय संबंध. संबंध एवढाच की त्यातल्या पुष्कळशा बंदुका स्वसंरक्षणासाठीच घरात आणलेल्या असतात.

पण मला खरं जे सांगायचंय ते उवाल्डेबद्दल. सॅन अँटोनिओहून पश्चिमेला दीड तास. २४ मे २०२२, रॉब एलिमेंटरी शाळा. रायफल घेऊन शिरलेल्या एका पोराने एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या. तुमच्याकडे बातमी आली आणि गेली, आमच्याकडे अजून गेलेली नाही. तो पोरगा शाळेत शिरला सकाळी ११:३३ ला, आणि त्याला मारलं १२:५० ला. मधली सत्त्याहत्तर मिनिटं पोलीस कॉरिडॉरमध्ये उभे. किती पोलीस? शाळेच्या आत-बाहेर, वेगवेगळ्या खात्यांचे मिळून ३७६. रायफली, ढाली, हेल्मेट, सगळं. आतून मुली नाइन वन वनला फोन करून कुजबुजत होत्या, पोलीस पाठवा म्हणून, आणि पोलीस भिंतीच्या पलीकडेच होते. नंतर कॉरिडॉरचं फुटेज बाहेर आलं त्यात एक अधिकारी भिंतीवरच्या सॅनिटायझरच्या डबीखाली हात धरतो, चोळतो, आणि परत उभा राहतो. मी दिवसातून शंभर वेळा तसंच करते. त्या दिवसापासून मला ते करताना तो दिसतो.

बाहेर आईबाप ओरडत होते, आत जाऊ द्या नाहीतर तुम्ही जा, त्यांना अडवलं. आणि आत एका शिक्षिकेचा नवरा, तो स्वतः शाळेच्या पोलीस खात्यात, कमरेला पिस्तूल, बायकोने त्याला वर्गातून फोन करून सांगितलं होतं की मला गोळी लागलीये. तो पुढे जायला लागला तर त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला मागे ओढलं आणि त्याची बंदूक काढून घेतली. ती वारली.

आता सांगा ना, "लोकांकडे बंदुका असत्या तर" या वाक्याचं काय करायचं? त्या कॉरिडॉरमध्ये बंदुकीशिवाय काही नव्हतंच. माझ्या डोक्यात त्या दिवशी तुकाराम ओंबळे आले, गिरगाव चौपाटीला हातात लाठी, आणि कसाबची रायफल दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या पोटात घेत. हत्यार आणि हिंमत या दोन गोष्टी एकाच दुकानात मिळत नाहीत, असं आपलं मला वाटलं.

पण याहून महत्त्वाचं ते पुढे झालं. पहिले काही महिने सगळे चिडलेले, चौकश्या झाल्या, फेडरल सरकारचा जाडजूड रिपोर्ट २०२४ च्या जानेवारीत आला, एकामागून एक चुका म्हणून. पण इकडे राज्यात चर्चा कधी वळली कळलंच नाही, शिक्षकांना बंदुका द्या, दार मजबूत करा, आणि २०२३ ला कायदा आला की प्रत्येक शाळेत एक सशस्त्र माणूस पाहिजे. ज्यांच्या हातात बंदुका होत्या आणि ज्यांनी त्या चालवल्या नाहीत त्यांना जाब विचारायचा सोडून अजून बंदुका. आमच्या पॅरेंट मीटिंगला एका आईने साधा प्रश्न विचारला होता, हा जो गार्ड येणार तो आत गेलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय का? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तसं कुठे लिहिलेलं असल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. कॅसल रॉकची गोष्ट मला तेव्हा नीट कळली, म्हणजे क्लासमध्ये ऐकली होती पण कळली तेव्हा. पोलिसांवर तुम्हाला वाचवण्याचं बंधन नाही हे वाक्य इथे बंदूकवाले विजयाच्या सुरात सांगतात, बघा म्हणूनच स्वतःची ठेवा. अरे पण हे वाक्य ऐकून संताप यायला पाहिजे ना? आम्ही टॅक्स भरतो कशाला मग? तर तो संताप कुणाला येत नाही कारण काउंटरखाली उपाय मांडून ठेवलाय, ज्याला परवडतं तो घेऊन जातो. माझं मत विचारलंत ना, तर हे माझं मत, बंदूक खुली करण्याचा सगळ्यात मोठा फायदा सरकारलाच होतो, तुझं तू बघ म्हणायला मोकळं.

आता आपल्याकडे. आपल्याकडे कायद्यात दम नाही हे चुकीचं आहे, हे त्या मेसेजवाल्याला कुणीतरी सांगा. जुन्या आयपीसीची ९६ ते १०६ कलमं आणि आता २०२४ च्या जुलैपासून न्याय संहितेची ३४ ते ४४, खाजगी संरक्षणाचा हक्क पूर्ण लिहिलेला आहे. जिवाची भीती असेल, बलात्काराची, अपहरणाची, अॅसिडची, तर समोरच्याचा जीव गेला तरी गुन्हा नाही. रात्री घर फोडून घुसणाऱ्याच्या बाबतीत सुद्धा ते लागू आहे, म्हणजे मॅकॉलेसाहेबाने १८३७ च्या मसुद्यापासूनच हा हक्क ऐसपैस ठेवला होता, त्याचं म्हणणं होतं की इथले लोक निमूट सोसतात, त्यांना प्रतिकाराची सवय लागली पाहिजे. मुख्य अटी दोन, पोलिसांकडे जायला वेळ असेल तर जा, आणि गरजेपेक्षा जास्त मारू नका. अडचण कायद्यात नाहीये, अडचण नंतर आहे, कारण तुमचा तो हक्क होता हे कोर्टात सिद्ध व्हायला वर्षं जातात, आणि तोपर्यंत तुम्ही आरोपी. नागपूरच्या कस्तुरबानगरच्या बायकांचं आठवतं का, वस्तीवर दहशत बसवलेला गुंड अक्कू यादव, त्याला १३ ऑगस्ट २००४ ला कोर्टाच्या इमारतीत, पोलिसांच्या ताब्यात असताना, जमावाने मारलं. दहा वर्षं वस्तीतल्या बायका तक्रारी करत होत्या, आणि मारल्यानंतर पुढची दहा वर्षं केस, २०१४ ला सगळे निर्दोष. त्या घटनेवरून आपण त्या बायकांच्या धाडसाचं कौतुक करतो, पहिल्या दहा वर्षांत तक्रारी घेऊन बसलेल्यांची नावं कुणाला माहीत आहेत?

आणि परवाने खुले करा म्हणता तर ते आत्ता कुणाकडे आहेत ते बघा की. २०२४ चा फेब्रुवारी घ्या, एकाच आठवड्यातल्या दोन गोष्टी. उल्हासनगरला पोलीस स्टेशनच्या आत, सीनियर इन्स्पेक्टरच्या केबिनमध्ये, आमदाराने गोळ्या झाडल्या, आणि नंतर चॅनलला फोनवर सांगितलं की पोलिसांसमोर माझ्या मुलाला मारहाण होत होती म्हणून झाडल्या. म्हणजे स्वसंरक्षणच म्हणायचं होतं त्यांना, पोलीस स्टेशनात बसून! त्यानंतर सहा दिवसांनी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांना फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या घालून मारलं, आणि त्या पिस्तुलाचा परवाना मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बीडच्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख. भर दुपारी उचलून नेलं आणि मारलं, भाऊ पोलीस स्टेशनात, आणि तक्रार घ्यायला तास लावले असं कुटुंबाचं म्हणणं. त्यानंतर कळलं की बीड जिल्ह्यात हजाराच्या वर शस्त्र परवाने आहेत, लग्नात, वाढदिवसाला हवेत गोळ्या उडवतानाचे व्हिडिओ फिरायला लागले, मग परवाने रद्द करायची धावपळ. एवढ्या बंदुका जिल्ह्यात, त्यातली एकही सरपंचाच्या बाजूने उभी राहिली नाही. कशी राहणार, बंदूक ज्याच्याकडे आधीच वट आहे त्याच्याकडेच जाते, खुली केली तर अजून स्वस्तात जाईल एवढंच. कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने २०१४ ला बायकांसाठी म्हणून "निर्भीक" रिव्हॉल्व्हर काढलं होतं आठवतंय, हलकं, पर्समध्ये मावणारं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. रात्रपाळी करून शेवटच्या लोकलने जाणारी कुठली बाई ते घेणार होती मला अजून कळलेलं नाही.

भांडायचं असेल तर तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी आमच्याकडे नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे हे २०१३ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, बाईवरच्या बलात्कार, विनयभंग, अॅसिड हल्ला अशा गुन्ह्यांची तक्रार घेतली नाही तर त्या पोलिसाला शिक्षेचं कलम आहे, आणि सरकारच्या माणसांमुळे जीव गेला तर कोर्ट थेट भरपाई देऊ शकतं. कागदावर का होईना, आपल्या देशात पोलीस तुमचं काही देणं लागतात. इथे कागदावरच लिहून दिलंय की लागत नाहीत. तुम्ही जो हक्क हातात आहे तो वाजवून घ्यायचा सोडून जो इकडे फसलेला आहे तो मागताय, असं मला इथे बसून दिसतं. इथे बसून बोलणं सोपं आहे हे पण मान्य. मी पहाटे पार्किंगमधून गाडीपर्यंत जाते तेव्हा हातात पेपर स्प्रे असतो, आणि एखाद्या रात्री वाटतं की स्प्रेपेक्षा जड काहीतरी असतं तर बरं झालं असतं.

नवऱ्याने विचारू नका काय काय बघून ठेवलंय, बोटाच्या ठशावर उघडणारा लॉकर सुद्धा. परवाना आला, दोघांचाही, पाकिटात आहे. बंदूक आणलेली नाही. आमचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, आजकाल खोलीचं दार लावून बसतो, जेवायला तीन हाका माराव्या लागतात, बाकी काही नाही, या वयात सगळेच करतात. पण मी आयसीयूत पंधरा-सोळा वर्षांची मुलं पाहिलीत आणि त्यांच्या आया पण, त्या सगळ्या हेच म्हणत असतात, या वयात सगळेच करतात. म्हणून मी नवऱ्याला सांगितलंय, हा कॉलेजला बाहेर पडू दे, मग बघू. यावर आमचं भांडण संपलेलं नाही, गेल्या रविवारी परत झालं.

आजोबा २०११ मध्ये गेले. बंदूक वारसाच्या नावावर करायला काकांनी कागद दिले होते, त्याचं काय ते झालं नाही, मधे एका निवडणुकीला जमा केली ती तिथेच राहिली. परवा फोन केला तर काका सांगत होते, नाचणी अर्धी डुकरांनी खाल्ली, आता गवे पण उतरायला लागलेत, कुंपण घालायचं तर खर्च परवडत नाही. मी म्हटलं बंदुकीचं परत विचारलंत का. म्हणाले चार फेऱ्या मारल्या, आता तिथला माणूस म्हणतो चिठ्ठीच सापडत नाही. मग जरा थांबले, आणि म्हणाले, "तुमच्याकडे दुकानात मिळता मां? मगे एक धाडून दी."